गोव्याच्या मराठी दैनिकांना अर्थसंपादक हवा

म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ साली निर्बंध घातले आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. मडगाव अर्बनवर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जुलै २०२१ मध्ये तिचाही परवाना गेला. निर्बंध लागल्यापासून परवाना जाईपर्यंत एका बँकेत जवळजवळ पाच वर्षे गेली, दुसरीत दोन. या मधल्या काळात ठेवीदाराचे प्रश्न साधे होते. पैसे मिळणार का, किती, केव्हा. आणि बँक सावरते आहे की बुडते आहे हे ओळखायचे कशावरून? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात असतात, चौथ्याचे बँकेच्या ताळेबंदात. पण अशा प्रसंगी आपल्या दैनिकांतून मुख्यत्वे येते ते ठेवीदारांच्या सभेचे छायाचित्र, अध्यक्षांचे आश्वासन आणि विरोधकांचे पत्रक. बातमीदार राबतो, सभेला जातो, दोन्ही बाजू मांडतो. ताळेबंद उघडून बसणारा माणूस मात्र कार्यालयात नसतो.

गोव्यातल्या प्रत्येक मराठी दैनिकात पूर्णवेळ अर्थसंपादक असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शेअर बाजाराचे पान लावणारा उपसंपादक मला अभिप्रेत नाही. ज्याला ताळेबंद वाचता येतो, ज्याच्या हाताशी निदान एक-दोन बातमीदार आहेत आणि ज्याची बातमी जाहिरात विभागाला विचारून ठरत नाही, असा संपादक. क्रीडापानाला स्वतंत्र माणूस नाही असे दैनिक गोव्यात कुणी चालवून घेणार नाही; तालुका पातळीवरच्या फुटबॉल सामन्यालाही जागा मिळते. मग ज्या राज्याचे पोट खाण, पर्यटन, औषध कारखाने, जमीन आणि सहकारी बँका यांवर चालते, तिथे या विषयांना वाली नसावा हे पटत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्या गोवेकराला मुंबई-दिल्लीची आर्थिक दैनिके आहेत, वाहिन्या आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे, पेडणे या भागांतला वाचक घरात कोंकणी बोलतो आणि सकाळी मराठी पेपर उघडतो. खाणपट्ट्यातला ट्रकमालक, पतसंस्थेत मुदत ठेव ठेवलेली निवृत्त शिक्षिका, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा ऑपरेटर, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात म्हणून कर्ज काढणारे जोडपे, हे सगळे मराठी दैनिकांचे वाचक. त्यांच्या मिळकतीचा निकाल लावणारे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. ते कागद त्यांच्या भाषेत, त्यांच्या हिशेबात उतरवून देणे हेच अर्थपानाचे काम आहे.

आज त्या पानावर असते काय? सेन्सेक्स-निफ्टीची वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी, सोन्या-चांदीचा दर, नव्या मोटारगाडीचे अनावरण, एखाद्या बँकेच्या शाखेचे उद्घाटन. बाजार साडेतीनला बंद होतो, दर त्याच क्षणी प्रत्येकाच्या मोबाइलवर असतात, आणि आपण ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता घरपोच करतो. शिवाय अर्थपान हे बहुधा सगळ्यांत आधी सोडायचे पान असते. संध्याकाळी सात-साडेसातला ते छपाईला गेले की, रिझर्व्ह बँकेची बरीचशी पत्रके आणि कंपन्यांचे बरेचसे निकाल त्यानंतर येतात किंवा त्याच सुमारास येतात. म्हणजे पानाची वेळच अशी ठरलेली की, महत्त्वाची बातमी चुकावी. अर्थसंपादक नेमला तर पहिल्या आठवड्यात त्याने हे पान सोडण्याची वेळ बदलून घ्यावी.

आता सहकारी बँकेच्या ताळेबंदाकडे जरा जवळून पाहू, कारण गोव्यात सर्वसामान्य माणसाचा पैसा इथेच अडकतो. समजा, एका बँकेने २०० कोटींची कर्जे दिली आहेत आणि त्यांतली ३० कोटींची थकली आहेत. ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतला थकलेल्या कर्जांचा वाटा, झाला १५ टक्के. या थकबाकीपोटी बँकेने २० कोटींची तरतूद केली आहे. निव्वळ एनपीए काढताना ती तरतूद दोन्हीकडून वजा होते: १० भागिले १८०, म्हणजे साधारण ५.६ टक्के. बँकेच्या जाहिरातीत आणि अध्यक्षांच्या भाषणात हाच ५.६ चा आकडा येतो, १५ चा येत नाही. पुढच्या वर्षी बँकेने नवी कर्जे देणे थांबवले आणि वसुली चांगल्या कर्जदारांकडून होत एकूण कर्जे १६० कोटींवर आली, तर एकही नवे कर्ज न थकता ढोबळ एनपीए पावणेएकोणीस टक्के होतो आणि निव्वळ सात टक्क्यांच्या वर जातो. उलट एखाद्या बँकेने वर्षभरात कर्जे भराभर वाटली, तर जुनी थकबाकी तशीच असूनही टक्केवारी सुंदर दिसते. ती नवी कर्जे थकायला दोन-तीन वर्षे लागतात. टक्का खाली आला एवढ्यावर मथळा देणारा बातमीदार इथेच फसतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या चौकटीत नागरी बँकेचा निव्वळ एनपीए ६ टक्क्यांच्या वर गेला, भांडवल पर्याप्ततेचे (जोखमीच्या मानाने बँकेच्या स्वतःच्या भांडवलाचे) प्रमाण ९ टक्क्यांच्या खाली आले किंवा सलग दोन वर्षे तोटा झाला की बँक देखरेखीखाली येऊ शकत होती. पुढे नियम बदलत गेले, मोठ्या नागरी बँकांसाठी भांडवलाची अट १२ टक्क्यांवर गेली आणि एप्रिल २०२५ पासून नवी चौकट लागू झाली. ५.६ आणि ६ यांच्यामध्ये किती कमी अंतर आहे, हे ज्याला ठाऊक आहे तोच वार्षिक सभेच्या बातमीत योग्य प्रश्न विचारू शकतो: तरतूद कमी दाखवली आहे का? लेखापरीक्षकाचा शेरा काय? लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘ब’ झाला का? आणि इतरांपेक्षा एक-दीड टक्का जास्त व्याज देऊन ठेवी गोळा करण्याची घाई कशासाठी?

ठेव विम्याबद्दल तर इतका गोंधळ आहे की, तो दर सहा महिन्यांनी पुन्हा समजावला तरी चालेल. फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. ही रक्कम मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखांतली खाती एकत्र धरून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागले तरी ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली. त्यांतले पहिले ४५ दिवस बँकेने यादी द्यायला आणि पुढचे ४५ ठेव विमा महामंडळाने ती तपासून पैसे द्यायला. पण हा विमा बँकांना आहे. पतसंस्थांना नाही. बहुराज्य पतसंस्थांनाही नाही. गोव्याच्या गावागावांत पतसंस्थांच्या पाट्यांवर आणि पावतीपुस्तकांवर जो दिमाख असतो, तो पाहून ठेवीदाराला हा फरक कळणे शक्य नाही. मडगाव अर्बनचा परवाना रद्द करताना, सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने म्हटले होते. ते ठेवीदारांचे प्रमाण होते, ठेवींचे नव्हे. उरलेल्या एका टक्क्यात मोठ्या ठेवी असतात, आणि अशा मोठ्या ठेवी पुष्कळदा संस्थांच्या असतात, म्हणजे त्यांच्यामागे पुन्हा शेकडो सभासद आले. हे एक वाक्य बातमीत घालायला अर्थसंपादक लागतो.

खाणींचा विषय याहून गुंतागुंतीचा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला, तीन दिवसांत राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प झाले. या तारखा गोव्यात सगळ्यांना पाठ आहेत. हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. ‘अमुक कंपनीची इतक्या टक्क्यांची बोली’ अशी बातमी येते. कशाचे टक्के? भारतीय खाण ब्युरो दर महिन्याला राज्यवार आणि प्रतवार सरासरी विक्री किंमत जाहीर करते, त्या किमतीचे.

समजा, ही किंमत टनाला १००० रुपये धरली आणि बोली ६० टक्क्यांची आहे. लोहखनिजाची रॉयल्टी १५ टक्के, म्हणजे १५० रुपये. लिलावातल्या लीजांना जिल्हा खनिज निधीत रॉयल्टीच्या १० टक्के, म्हणजे १५ रुपये. बोलीचे ६००. हे तीनच धरले तरी ७६५ रुपये सरकारी खात्यांत जातात. उरलेल्या २३५ रुपयांत, आणि प्रत्यक्ष विक्री सरासरीपेक्षा चढ्या भावाने झाली तर त्या जादा रकमेत, खोदाई, ट्रक, जेटी, बार्ज आणि कंपनीचा नफा बसवायचा. हा हिशेब मांडला की लगेच लक्षात येते, लिलाव झाला म्हणजे ट्रक रस्त्यावर आला असे का होत नाही. पर्यावरण दाखले हे एक कारण झाले. दुसरे कारण या वजाबाकीत आहे.

त्यात गोव्याचे खनिज कमी प्रतीचे. ५८ टक्के लोहांश ही इथली लक्ष्मणरेषा आहे. त्याखालच्या खनिजावर २०१६ पासून निर्यात शुल्क नव्हते. २२ मे २०२२ पासून ते एकदम ५० टक्के झाले आणि १९ नोव्हेंबर २०२२ पासून पुन्हा शून्य. सहा महिन्यांत एका शुल्काने इथल्या खनिजाची निर्यात परवडेनाशी केली आणि पुन्हा परवडणारी केली. दिल्लीहून येणारी अशी बातमी वृत्तसंस्थेच्या भाषांतरात ‘पोलाद उद्योगाला दिलासा’ या मथळ्याखाली येते, कारण वृत्तसंस्थेने ती देशासाठी लिहिलेली असते. साखळीच्या ट्रकमालकासाठी तीच बातमी उलटी लिहावी लागते, आणि तीही त्याच रात्री.

कॅसिनोंचा मुद्दा थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के जीएसटी लागू झाला. गिऱ्हाइकाने १० हजारांच्या चिप्स घेतल्या आणि रात्रअखेर त्यांतले १ हजार हरला, तर कॅसिनोची ढोबळ कमाई १ हजार. कर कमाईवर असता तर २८० रुपये, दर्शनी मूल्यावर तो २८०० होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दर ४० टक्के झाला. कॅसिनो असावेत की नसावेत यावर गोव्यात भरपूर लिहिले जाते, आणि लिहिले जावे. पण कर कशावर आहे हे न सांगता दोन्ही बाजूंचे लेख छापणे म्हणजे वाचकाला अर्धाच कागद देणे. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला ११,१३९ कोटींची, आणि उपकंपन्या धरून सुमारे १६,८२२ कोटींची करनोटीस आली. हा आकडा जुगारात लागलेल्या प्रत्येक पैजेच्या ढोबळ रकमेवर काढल्याचे कंपनीचे म्हणणे होते. कंपनीची वर्षाची उलाढाल हजार कोटींच्या घरात असताना तिच्याकडे इतकी मागणी येते, तेव्हा ती मागणी आहे, ठरलेले देणे नव्हे, हे वाचकाला सांगावे लागते. ताळेबंदात अशी रक्कम आकस्मिक देण्यांच्या, म्हणजे कदाचित द्याव्या लागतील अशा रकमांच्या, टिपेत जाते. ती टीप कुठल्या पानावर असते, हे माहीत असणारा माणूस हवा.

आणि ही माहिती मिळवायला फार दूर जावे लागत नाही. बरीचशी तर दैनिकाच्या स्वतःच्याच पानांवर पैसे देऊन छापलेली असते. कर्ज थकल्यावर बँक मालमत्तेचा ताबा घेते, तेव्हा सरफेसी कायद्याच्या नियमांनुसार ताबा सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. दिवाळखोरी संहितेखाली एखाद्या कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली की, तिची जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक दैनिकात येते, आणि दावा दाखल करायला साधारण १४ दिवस मिळतात. त्या कंपनीला जेवण पुरवणारा, गाड्या भाड्याने देणारा, सुटे भाग बनवून देणारा लहान व्यावसायिक त्याच दैनिकाचा वाचक असतो. सूचना बारीक टाइपात आतल्या पानावर असते, भाषांतर कुणाला कळू नये असे असते, आणि मुदत निघून जाते. जाहिरात विभागाने या सूचनांची एक प्रत रोज अर्थसंपादकाच्या टेबलावर ठेवायची, एवढी एक सवय लावली तर आठवड्याला चार बातम्या निघतील. महिन्याभरात ताबा सूचना किती आल्या, कुठल्या तालुक्यात, सदनिका किती आणि हॉटेले किती, हे मोजत गेले तर पर्यटनमंत्र्यांच्या निवेदनापेक्षा खरे चित्र हाती लागते.

गोवा सरकारच्या राजपत्राचेही तेच. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली जमिनींचे क्षेत्रबदल झाले, ते गाव, सर्व्हे क्रमांक आणि चौरस मीटरसह तक्त्यांत छापून आले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यामागचे नियम रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या ३९अ कलमाखालचे बदलही तसेच राजपत्रात येतात. या विषयावर गोव्यात आंदोलने झाली, होत आहेत, आणि ती बातम्यांत येतात. पण अर्जदार कंपनी असेल, तर तिचे संचालक कोण, तिच्यावर कोणत्या बँकेचा बोजा नोंदलेला आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्राथमिक माहिती मोफत असते, कागदपत्रे पाहायला कंपनीमागे नाममात्र शुल्क पडते. राजपत्रातला तक्ता आणि ही नोंद शेजारी ठेवली की, भातशेती कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात चालली आहे ते कळते. त्यासाठी गुप्त सूत्रे लागत नाहीत, लागतो तो निवांत असा एक दिवस. आपल्या बातमीदाराला नेमका तोच मिळत नाही, कारण त्याला संध्याकाळपर्यंत पाच बातम्या द्यायच्या असतात.

औषध कंपन्यांचे कारखाने ही गोव्यातली मोठी रोजगाराची जागा. सिप्लाच्या गोव्यातल्या कारखान्याला फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे इशारापत्र आले. अशी पत्रे त्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. तपासणीत काय आढळले ते त्यांत कलमवार असते. असे पत्र असेपर्यंत त्या कारखान्यातून नव्या औषधांना मंजुरी मिळणे अडू शकते, आणि त्याचा परिणाम पाळ्यांवर, भरतीवर, कंत्राटी कामगारांवर होतो. अमेरिकेतून आलेल्या पत्राची बातमी वेर्णाच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या कामगारासाठी लिहिणारा कुणी आपल्याकडे नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पाचे वाचन हा तर वार्षिक सोहळा झाला आहे. मुख्यमंत्री अर्थखातेही सांभाळतात, भाषण होते, दुसऱ्या दिवशी घोषणांच्या चौकटी येतात. भाषणाबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत प्रत्येक शीर्षाखाली चार आकडे असतात: येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. बातमी पहिल्या रकान्यावर होते. खरी बातमी अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या अंतरात असते. एखाद्या योजनेला दरवर्षी मोठी तरतूद दाखवून प्रत्यक्षात निम्मीही खर्च होत नसेल, तर ती घोषणा वारंवार छापणे ही वाचकाची फसवणूक आहे, आपण ती नकळत केली तरी. तेच कर्जाचे. राज्य सरकारे रोख्यांवर कर्ज उचलतात, त्याचे लिलाव रिझर्व्ह बँक बहुधा मंगळवारी करते, कोणत्या राज्याने किती कोटी, किती वर्षांसाठी आणि किती व्याजाने उचलले हे त्याच संध्याकाळी जाहीर होते. गोव्याचे नाव त्या यादीत कधी येते आणि दर किती पडतो, याची नोंद ठेवायला आठवड्याला दहा मिनिटे पुरतात.

असा संपादक घडतो कसा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर ‘नेमणूक करा’ एवढे सोपे नाही. वाणिज्य शाखेची पदवी असून भागत नाही आणि नसून अडतही नाही. पहिली दोन वर्षे नगरपालिका, पंचायत, न्यायालय यांच्या बातम्या करूनच यावे. कागद मागायची आणि नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा जायची सवय तिथे लागते. पुढची दोन-तीन वर्षे एकाच क्षेत्रात मुरावे: सहकार किंवा खाण किंवा पर्यटन. सनदी लेखापालाकडे बसून वीसेक ताळेबंद टिपांसकट वाचावेत. मागून पुढे वाचावेत: आधी लेखापरीक्षकाचा अहवाल, मग टिपा, मग संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, आणि अध्यक्षांचे मनोगत सगळ्यांत शेवटी.

२३ एप्रिल १९९२ रोजी टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांतल्या ५०० कोटींच्या तफावतीची बातमी दिली, आणि हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. पुढे त्या त्याच दैनिकाच्या अर्थसंपादक झाल्या. खबर मिळणे हा त्या बातमीचा एक भाग होता. बँकांमधले रोख्यांचे रेडी फॉरवर्ड व्यवहार (रोखे विकून ठरलेल्या दिवशी परत घेणे) आणि बँक रिसीट (रोख्यांऐवजी दिलेली पावती) म्हणजे काय, हे आधी ठाऊक असणे हा दुसरा, आणि तो एकाच विषयाच्या वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या वार्तांकनातूनच येतो.

गोव्यात हा माणूस नेमका चौथ्या-पाचव्या वर्षी निघून जातो. त्याला आकडे कळायला लागलेले असतात, माणसे ओळखीची झालेली असतात, आणि एखादे हॉटेल, बिल्डर किंवा कंपनी त्याला जनसंपर्काच्या कामासाठी दुप्पट पगार देऊ करते. त्याला दोष देता येत नाही. दैनिकात त्याच्यापुढे पायरीच नसते. चांगला आर्थिक बातमीदार झाला तरी बढती हवी तर त्याने मुख्य वार्ताहर किंवा वृत्तसंपादक व्हायचे आणि राजकारणाचे पान सांभाळायचे. अर्थसंपादक हे पद, त्याच्या वेतनासह, आधी पाटीवर असले पाहिजे. मग माणूस थांबेल.

डेस्कवरच्या चुकांबद्दलही दोन शब्द. व्याजदर ६ वरून ६.२५ झाला तर वाढ पाव टक्क्याची म्हणा, पण ती पाव टक्काबिंदू असते, आणि प्रमाणात पाहिले तर चार टक्क्यांहून अधिक. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नसते, भाव वाढण्याचा वेग मंदावलेला असतो. २० दशलक्ष टन म्हणजे २ कोटी टन. २० कोटी नव्हे. एका शून्याच्या चुकीने खाणीच्या बातमीत राज्याची वर्षाची मर्यादा दसपट होते. प्रत्येक आकडा दुसऱ्या माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पान सोडायचे नाही, हा नियम क्रीडापानावर धावांसाठी पाळला जातो. इथेही पाळावा.

सगळ्यांत अवघड भाग मालक आणि जाहिरातदार यांचा. तो टाळून हा विषय पुरा होणार नाही. १९६२ साली ‘गोमन्तक’ सुरू झाला तो चौगुले उद्योगसमूहाच्या पाठबळावर, १९७० मध्ये ‘नवप्रभा’ आली ती धेंपो समूहाकडून. मुक्तीनंतरच्या गोव्यात मराठी दैनिके उभी करायला पैसा खाण उद्योगातून आला, आणि त्याबद्दल मराठी वाचकाने कृतज्ञ असावे असे मला मनापासून वाटते. मालकी पुढे बदलत गेली. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्ये सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला. म्हणून आज कोण कशाचा मालक आहे, हे दरवर्षी नव्याने तपासून ज्या बातमीत मालकाचा किंवा मोठ्या जाहिरातदाराचा हितसंबंध आहे, तिच्याखाली तसे एका ओळीत छापावे. वाचक त्याने दुरावत नाही. गोव्याएवढ्या लहान प्रदेशात त्याला ते माहीत असतेच, आपण ते लपवले नाही एवढे त्याला कळते.

भारतीय प्रेस कौन्सिलचे आर्थिक पत्रकारितेसाठीचे नियम यापुढे जातात. भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती, राखीव कोट्यातले शेअर घ्यायचे नाहीत. ज्या कंपनीचे शेअर स्वतःकडे आहेत तिची बातमी करायची नाही. कंपनीच्या खर्चाने दौरा केला तर बातमीत तसे लिहायचे. २०२१ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने एका अर्थवाहिनीच्या निवेदकाला बाजारबंदी केली. कार्यक्रमात ज्या शेअरची शिफारस होणार, तो आधीच जवळच्यांच्या खात्यांवर घेतल्याचा आरोप त्याच्यावर होता. आपल्याकडे मोह शेअरचा कमी आणि भूखंडाचा, सदनिकेतल्या सवलतीचा, बँकेच्या संचालकाने करून दिलेल्या कर्जाचा जास्त. म्हणून अर्थसंपादकाने आणि त्याच्या बातमीदारांनी दरवर्षी १ एप्रिलला आपली मालमत्ता आणि कर्जे लेखी जाहीर करावीत, आणि तो कागद मुख्य संपादकाकडे असावा.

खर्च परवडणार नाही, हा आक्षेप येईलच. एक संपादक, दोन बातमीदार, एका सनदी लेखापालाचा अर्धवेळ सल्ला, एवढा हा खर्च आहे. दिवाळी विशेषांकांसाठी आणि रंगीत पुरवण्यांसाठी पैसा उभा राहतो तर हाही राहील. वाचक हे वाचत नाही, हा दुसरा आक्षेप मला अजिबात मान्य नाही. स्वतःच्या ठेवीबद्दल, स्वतःच्या ट्रकच्या हप्त्याबद्दल लिहिलेले वाचक वाचतो की नाही, हे आजवर कुणी करून पाहिलेलेच नाही.

सुरुवात कुठून करावी हे सांगून थांबतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यातल्या सगळ्या नागरी बँकांचे आणि ठेवींच्या दृष्टीने मोठ्या असलेल्या पतसंस्थांचे अहवाल मागवावेत. प्रत्येकाचे सात आकडे घ्यावेत: ठेवी, कर्जे, ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए, तरतूद, भांडवल पर्याप्तता किंवा स्वनिधी, आणि लेखापरीक्षणाचा वर्ग, सोबत आदल्या दोन वर्षांचे तेच आकडे. बँक आणि पतसंस्था यांचे तक्ते वेगळे ठेवावेत आणि पतसंस्थांच्या तक्त्यावर ‘या ठेवींना विमा नाही’ असे ठळक छापावे. संस्थेला आकडे दाखवून तिचे म्हणणे घ्यावे आणि तेही छापावे. मागूनही अहवाल दिला नाही, त्या संस्थेच्या नावापुढे तशी नोंद करावी. हे सगळे दोन माणसांना दोन महिन्यांत जमण्याजोगे आहे.